जुनं सोनं आटवताना 'मेल्टिंग'ची घट : नेमकं काय जातं आणि काय जात नाही

वाघूर

जळगावचा सराफ बाजार घ्या नाहीतर धुळे-चोपडा घ्या, जुना दागिना मोडायला नेला की हातात येणाऱ्या चिठ्ठीवर तेच ते शब्द असतात. ग्रॉस, नेट, मेल्टिंग, मेल्टिंग लॉस, टंच, फाईन. एक दुकान घट अर्धा टक्का लावतं, दुसरं सरसकट दोन टक्के, तिसरीकडे 'आटणीत तेवढं जातंच' असं तोंडी सांगून मोकळे होतात. लग्नसराईच्या आधी पोत, पाटल्या, बोरमाळ मोडून नवं करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, आणि बहुतेक जण या शब्दांपुढे गप्प बसतात.

म्हणून हा धागा. सोनं आटवलं की ते खरोखर कमी होतं का? होत असेल तर जातं कुठे? किती घट रास्त मानायची, आणि आटणी चालू असताना समोर उभं राहून नेमकं काय बघायचं? कामातल्या माणसांनी आकड्यांसह लिहावं ही विनंती.

---

मूस आणि रेजा

भाऊ, आधी मुख्य गोष्ट. सोनं उडून जात नाही. चोख सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि उकळायला त्याला २८०० अंशांच्याही वर जावं लागतं. गलाईच्या (सोनं आटवायच्या) भट्टीत ११०० ते ११५० अंशांच्या पुढे जायची गरजच पडत नाही. बावीस कॅरेटचं सोनं तर तांब्या-चांदीच्या मिश्रणामुळे १०६४च्या बरंच अलीकडे पातळ होतं. एवढ्या तापमानाला सोन्याची वाफ होऊन ग्रॅमच्या हिशेबात वजन घटेल, हे होत नाही.

वजन घटतं हे मात्र खरं. जातं ते सोन्यासोबत आलेलं बाकीचं. बोरमाळेच्या मण्यांत, मंगळसूत्राच्या वाट्यांत, गोठांत लाख भरलेली असते, ती जळून जाते. साखळीच्या कड्यांत वर्षानुवर्षांचा मळ, तेल, साबण आणि हळदकुंकू साचलेलं असतं. हुकात पोलादी स्प्रिंग असते. मिश्रणातलं तांबं थोडं काळं पडून टाकणखारात (आटवताना घालतात त्या बोरॅक्समध्ये) उतरतं. डाखातलं (जोडायच्या धातूतलं) जस्त आणि कॅडमियम तर चक्क धूर होऊन जातं, कारण जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि कॅडमियम ७६७ला. दोन्ही आकडे सोनं वितळण्याच्या अलीकडचे आहेत.

म्हणजे वजन घटतं, फाईन घटत नाही. फाईन म्हणजे त्या मालातलं चोख सोनं. आटणीच्या आधी जेवढं चोख होतं, तेवढंच नंतर असायला हवं. मुशीला (आटवायच्या भांड्याला), टाकणखाराला चिकटून कण राहिले असतील तर तेवढाच काय तो फरक, आणि ते कणही परत मिळवता येतात.

---

टंचकाटा

मूस आणि रेजा यांच्याशी सहमत. आता चिठ्ठीवरचे शब्द, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

मेल्टिंग म्हणजे निव्वळ आटणी: घन माल पातळ करून लगड (ओतीव कांडी) ओतणं. यात सोनं शुद्ध होत नाही, फक्त एकजीव होतं. रिफायनिंग म्हणजे तेजाबात (आम्लात) घालून किंवा विजेच्या साहाय्याने चोख वेगळं काढणं. हे वेगळं काम आहे, त्याचा खर्चही वेगळा. काही जण पाटीवर 'स्मेल्टिंग' लिहितात, पण स्मेल्टिंग म्हणजे खनिजातून धातू काढणं, ते खाणीजवळच्या कारखान्याचं काम. दागिन्याला ते लागूच होत नाही. चिठ्ठीवर रिफायनिंगचे पैसे लावले असतील आणि प्रत्यक्षात लगड ओतून थेट टंच काढला असेल, तर तो आकार कशाचा हे विचारा.

हिशेब कसा वाचायचा ते एका काल्पनिक चिठ्ठीवर बघू. ग्रॉस ४२.३०० ग्रॅम. काळे मणी, खडे, दोरा आणि काढता आली तेवढी लाख काढून नेट ३८.६४०. आटवल्यावर लगडीचं वजन ३८.४१०. टंच, म्हणजे शंभर भागांत चोख किती, ९०.८०.

आटणीची घट ३८.६४० वजा ३८.४१०, म्हणजे ०.२३० ग्रॅम. टक्क्यात सुमारे ०.६. फाईन म्हणजे ३८.४१० गुणिले ०.९०८, बरोबर ३४.८७६ ग्रॅम. पैसे या ३४.८७६ ग्रॅमचे, चोख सोन्याच्या भावाने.

आता चुका कुठे होतात बघा. पहिली: लगड मोजली, टंच काढला, फाईन काढलं आणि त्यावर पुन्हा दोन टक्के 'मेल्टिंग लॉस' वजा केला. घट लगडीच्या वजनात आधीच आलेली आहे. ती दुसऱ्यांदा कापली की वरच्या उदाहरणात ०.६९८ ग्रॅम चोख सोनं गेलं. दुसरी चूक याहून मोठी आणि सहज लक्षात न येणारी: फाईन काढायचं आणि भाव बावीस कॅरेटचा लावायचा. फाईनला भाव चोखाचाच लागतो. बावीसचा भाव लावायचा असेल तर फाईनला ०.९१६ ने (बावीस कॅरेटमधल्या चोखाच्या हिश्श्याने) भागा. ३८.०७४ ग्रॅम येतील, मग त्याला बावीसचा भाव. नाहीतर थेट ८.४ टक्के कमी मिळतात.

---

केळीबाग

दागिन्यावर ९१६चा शिक्का असताना टंच ९०.८ कसा येतो? शिक्का खोटा समजायचा का?

---

मूस आणि रेजा

लगेच तसं म्हणता येत नाही. दागिन्याची एक बाजू तपासली तर ९१.६ भरेल आणि सगळा दागिना आटवून एकजीव केला की कमी भरेल, हे जुन्या मालात नेहमी घडतं. त्याचं कारण डाख.

दोन तुकडे जोडायचे तर जोडणारा धातू तुकड्यांच्या आधी पातळ व्हायला हवा, नाहीतर दागिनाच वितळेल. म्हणून डाखात जस्त, कॅडमियम, चांदी, तांबं घालून त्याचा वितळणबिंदू खाली आणतात. पूर्वीचा डाख सोनं आणि तांबं-चांदीचा असायचा, त्यात सोनं कमी. त्यामुळे जितके जोड जास्त तितका टंच खाली. भरीव पाटलीत जोड एखादा, मोहनमाळेत किंवा बारीक साखळीत शेकडो. पुढे केडीएम आलं, म्हणजे ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियमचा डाख. त्यात टंच टिकला, पण कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना मारक. म्हणूनच हॉलमार्कच्या मालात कॅडमियम चालत नाही.

या कॅडमियमची आटणीतली वागणूक समजून घेण्यासारखी आहे. समजा १०० ग्रॅम मालात ९० ग्रॅम चोख आणि २ ग्रॅम कॅडमियम आहे. आटवताना कॅडमियम उडालं, लगड ९८ ग्रॅमची झाली. चोख ९० ग्रॅमच राहिलं, म्हणून टंच ९०वरून ९१.८४वर गेला. वजन कमी, टंच जास्त. घट बघून गिऱ्हाइक घाबरतं, पण त्याचं काहीच गेलेलं नसतं. उलट दुकानदाराने आटणीआधीचा टंच आणि आटणीनंतरचं वजन असा हिशेब केला तर मात्र गिऱ्हाइकाचं सोनं जातं. वजन आणि टंच दोन्ही एकाच लगडीचे असले पाहिजेत.

---

पांझराकाठ

दोन टक्क्यांना सरसकट चूक म्हणणं मला पटत नाही. लाखेच्या दागिन्यात दोन टक्के काहीच नाहीत. बोरमाळ किंवा जुने पोकळ तोडे असतील तर लाखेनेच दहा टक्क्यांहून अधिक वजन जाऊ शकतं. भरीव, स्वच्छ बांगड्यांत घट अर्ध्या टक्क्याच्या आत राहिली पाहिजे. मीनाकाम असेल तर मीना म्हणजे काच, तीही वजनातून जाणार. म्हणजे कोणताही ठरीव टक्का मुळातच चुकीचा: भरीव पाटलीला तो जास्त होतो, बोरमाळेला कमी. आटवा, मोजा, जे येईल ते लिहा.

आणि मुशीला चिकटलेल्या सोन्याबद्दल. सराफ बाजारातली माती झारेकरी धुतात हे सगळ्यांनी पाहिलं आहे. गटारातल्या गाळातून, कारखान्याच्या केरातून, जुन्या मुशी कुटून ते कण काढतात. ज्या अर्थी केरातून सोनं निघतं, त्या अर्थी कामात थोडं सांडतं हे उघड आहे. पण ते कारागिरीत सांडतं: कानस, करवत, पॉलिश यांत. आटणीत नव्हे. नवा दागिना घडवण्याची घट आणि जुना आटवण्याची घट हे दोन वेगळे हिशेब आहेत, ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

---

मूस आणि रेजा

पांझराकाठ, हा मुद्दा फार योग्य मांडलात. आता आटणी नीट कशी होते ते क्रमाने लिहितो, म्हणजे उभं राहून बघणाऱ्याला काय चाललंय ते कळेल.

आटणीच्या आधी खडे, मोती, मणी, दोरा काढून वेगळे परत द्यायचे. लोहचुंबक फिरवायचा, स्प्रिंग आणि लोखंडाचे कण निघतात. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, म्हणजे सोन्याच्या भट्टीत ते वितळणार नाही, तसंच राहून लगडीत अडकेल. मग पंखा बंद करून मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचे दोन आकडे नाचतात.

मूस. नवी मातीची मूस तशीच वापरली तर तिच्या छिद्रांत सोन्याचे बारीक थेंब बसतात. म्हणून आधी रिकामी मूस लाल करून आतून टाकणखार फिरवायचा, काचेसारखा गुळगुळीत थर बसतो. याला वेळ जातो म्हणून घाईत हे टाळतात, आणि घट तिथे होते. सोन्याची, चांदीची आणि पांढऱ्या सोन्याची मूस वेगवेगळी हवी. चांदीच्या मुशीत सोनं आटवलं तर आधीची चांदी सोन्यात उतरते, वजन वाढतं, टंच पडतो.

टाकणखार भाजलेला हवा. बाजारात मिळणाऱ्या स्फटिकाच्या टाकणखारात वजनाच्या जवळजवळ ४७ टक्के पाणीच असतं. आचेवर तो फुगतो, तडतडतो आणि जाताना सोन्याचा कीस सोबत उडवतो. भाजून, पाणी घालवून, कुटून ठेवलेला वापरला की हा त्रास नाही. प्रमाण साधारण ५० ग्रॅम मालाला ग्रॅमभर. कमी पडला तर वर काळी साय धरते, जास्त झाला तर दाट काचेत सोन्याचे थेंब अडकतात. कीस असेल तर तो टाकणखारासह कागदाच्या पुडीत बांधून मुशीत ठेवायचा, म्हणजे ज्योतीच्या झोताने उडत नाही.

ज्योत मऊ ठेवायची. ऑक्सिजन जास्त सोडला की ज्योत निळी-टोकदार होऊन सूं-सूं आवाज येतो, आणि तांबं जळून टाकणखार काळा-लाल पडतो. ते वजन गेलं, सोनं नाही, पण रंग आणि चिठ्ठी दोन्ही बिघडतात. सोनं पूर्ण पातळ झालं की मूस जरा हलवली तरी गोळा पाऱ्यासारखा एकसंध फिरतो, कडेला कुठे रेंगाळत नाही. ग्राफाइटच्या कांडीने ढवळायचं, कारण मिश्र धातू तळाशी आणि वर सारखा असेलच असं नाही. लोखंड-जस्ताची भेसळ जळावी म्हणून काही जण चिमूटभर सोरा (पोटॅशियम नायट्रेट) टाकतात. मातीच्या मुशीत ठीक, ग्राफाइटच्या मुशीत नको, सोरा ग्राफाइट खातो आणि मूस पातळ होऊन फुटते.

रेजा (लगड ओतायचा साचा) कोमट, दीडशे अंशांच्या आसपास, आणि आतून तेलाचा अगदी पातळ हात. थंड रेज्यात लगडीला सुरकुत्या पडतात. ओला रेजा तर धोक्याचाच. पाण्याचा थेंब पातळ सोन्याखाली सापडला की त्याची वाफ दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि तापलेला धातू तोंडावर उडतो. पावसाळ्यात रेजा कोरडा दिसला तरी आधी तापवलाच पाहिजे. ओतताना मुशीच्या काठावर ज्योत धरून ठेवायची, एका धारेत ओतायचं, मध्ये थांबायचं नाही.

लगड थंड झाली की पातळ गंधकाम्लात टाकून वरची टाकणखाराची काच काढायची, धुवायची, पुसून वजन करायचं. काच न काढता वजन केलं तर ते खोटं. मुशीतली काच खरवडून कुटली आणि धुतली तर अडकलेले थेंब निघतात. हे थेंब गिऱ्हाइकाचे आहेत.

---

टंचकाटा

याला जोडून टंचाबद्दल. एक्सआरएफ, म्हणजे लोक ज्याला कॅरेटमीटर म्हणतात, ते यंत्र पृष्ठभागाचे फक्त काही मायक्रॉन बघतं. तेजाबातून काढलेल्या लगडीच्या वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, त्यामुळे तिथे टंच जास्त दाखवतो. म्हणून कानस मारून आतला धातू उघडा करायचा आणि लगडीच्या दोन्ही टोकांना, वर-खाली मोजून सरासरी घ्यायची. दोन टोकांत पाव-अर्ध्या टक्क्याचा फरक आला तर माल नीट ढवळलेला नाही, पुन्हा आटवा.

वाद झाला तर अंतिम शब्द फायर अ‍ॅसेचा. पाव ग्रॅमच्या आसपास नमुना, त्यात अडीच पटींच्या आसपास चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र वाटीत भट्टीत ठेवतात. शिसं इतर हलके धातू घेऊन वाटीत मुरतं, सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक आम्लात) उकळला की चांदी जाते आणि तपकिरी रंगाची सोन्याची सुरळी उरते. ती भाजली की सोनेरी होते, मग वजन. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात हीच पद्धत असते.

कसोटीच्या दगडावरची रेघ अजूनही उपयोगी आहे, पण ती रेघ ज्या जागेची तेवढीच सांगते. आत काय आहे ते तिला कळत नाही.

---

केळीबाग

यंत्रालाही चकवतात असं ऐकतो. इरिडियमचं काय?

---

टंचकाटा

इरिडियम आणि रुथेनियम. दोन्ही प्लॅटिनमच्या घराण्यातले. इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, रुथेनियम २३३४ला. भुकटी करून सोन्यात टाकली तरी ती वितळत नाही, सोन्यात विरघळतही नाही, नुसती कण म्हणून अडकून बसते. इरिडियमची घनता सोन्याहून जास्त, २२.५६, म्हणून ते मुशीच्या तळाशी बसतं. रुथेनियम सोन्याहून हलकं. घडवताना कारागिराला हे कण कळतात: लाटताना पत्रा खरखरीत येतो, पॉलिशला ओरखडे उठतात, करवतीचं पातं बोथटतं.

अडचण अशी की हे कण शोऱ्याच्या तेजाबातही जात नाहीत, म्हणून साध्या फायर अ‍ॅसेत ते सोन्याच्याच खात्यात मोजले जातात. एक्सआरएफ मात्र त्यांची वेगळी रेषा दाखवतं, अट एवढीच की यंत्र त्या धातूंसाठी लावलेलं हवं आणि तपासणाऱ्याने ती रेषा बघायला हवी. म्हणून दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक समजा.

टंगस्टनचा प्रश्न वेगळा. घनता १९.२५, सोन्याची १९.३. काट्यावर आणि पाण्यात तोलून फरक कळणं कठीण. पण तो ३४२२ अंशांना वितळतो, म्हणजे आटवलं की गाभा तसाच घट्ट मुशीत बसलेला दिसतो. बिस्किटाच्या बाबतीत शंका असेल तर आटणी हीच परीक्षा.

---

गिरणाकाठ

एक महत्त्वाची गोष्ट राहते आहे. आटवायच्या आधी थांबा.

२३ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, पुढे जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्यानंतर घेतलेला दागिना मोडत असाल तर बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक टाकून शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार जुळतो का बघा. बांगडीवरचा क्रमांक टाकल्यावर अ‍ॅपने अंगठी दाखवली, तर प्रश्न तिथेच सुरू होतो.

तपासणीत शुद्धता शिक्क्यापेक्षा कमी भरली तर बीआयएस नियम २०१८ नुसार, विकलेल्या वजनावर शुद्धतेतल्या तुटीची जी रक्कम निघेल तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मिळतो. पण त्यासाठी दागिना दागिन्याच्या रूपात हवा. एकदा आटवून लगड केली की शिक्का गेला, क्रमांक गेला, पुरावा गेला. शंका असेल तर आधी हॉलमार्किंग केंद्रात तपासून लेखी अहवाल घ्या, मूळ बिल जोडा, मग पुढचं ठरवा.

---

सातपुडा

नंदुरबार, अक्कलकुवा, धडगाव या बाजूला सोन्यापेक्षा चांदी जास्त मोडली जाते. कडी, वाळे, तोडे, साखळ्या. चांदी आटवताना ती थंड होताना एकदम उसळते, वर फोड येतात, थेंब उडतात. हे का होतं, आणि तेवढी घट कुणाच्या नावावर?

---

मूस आणि रेजा

पातळ चांदी हवेतला ऑक्सिजन पिते, स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीस पट. घट्ट झालेल्या चांदीत तो राहू शकत नाही. म्हणून ९६२ अंशांच्या खाली येताच वरची साय आधी धरते आणि खालून वायू साय फोडून बाहेर येतो. हीच ती उसळी. जितकी चांदी चोख आणि जितकी जास्त तापवलेली, तितकी उसळी जोरात. तांबं मिसळलेल्या चांदीत ती कमी, कारण तांबं ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेतं.

उपाय: पातळ चांदीवर कोरड्या कोळशाचा चुरा पसरायचा, ज्योत मऊ आणि जराशी पिवळी ठेवायची, उगाच तापवत बसायचं नाही, १०५० अंशांच्या आसपास ओतून मोकळं व्हायचं. उडालेले थेंब रेज्याभोवती गोळा करून परत वजनात धरायचे. काळजी न घेतल्याने उडालेली चांदी गिऱ्हाइकाच्या घटीत टाकणं योग्य नाही.

वाळ्यांचा काळा रंग म्हणजे गंधकाशी झालेला पातळ थर, वजनाच्या दृष्टीने किरकोळ. त्यामुळे काळी पडलेली चांदी हलकी म्हणून भाव पाडला तर मान्य करू नका. पोकळ तोड्यांत राळ-लाख असते, तिची घट खरी. राणीछाप-राजाछाप रुपये गुंफलेल्या माळांबाबत: १९४०च्या आधीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० ते १९४५च्या रुपयात चांदी निम्मीच. दोन्ही एकत्र आटवले की चांगल्या रुपयांचाही टंच पडतो. आधी साल बघून वेगळे करा, आणि जमलं तर आटवूच नका. नाण्याला नाणं म्हणून चांदीपेक्षा जास्त मोल येऊ शकतं.

---

वाघूर

भाऊ, बठ्ठं ध्यानमा उनं! दोन शंका उरल्या. बाजारातल्या गलाई दुकानात स्वतः नेऊन आटवावं की सराफाकडेच? आणि तीच लगड देऊन नवा बावीस कॅरेटचा दागिना करायचा तर आधी रिफायनिंग करावंच लागतं का?

---

पांझराकाठ

पहिल्याचं उत्तर देतो. गलाईचा व्यवसाय बहुतांशी सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातल्या लोकांचा, आणि ते देशभर याच कामावर पसरलेले आहेत. स्वतः नेलंत तर आटणीची मजुरी तुम्ही द्याल, लगड तुमच्या हातात येईल, मग ती दोन-तीन ठिकाणी दाखवून भाव घेता येतो. सराफाकडे दिलंत तर आटणी तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी, आणि चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहून घ्या: ग्रॉस, नेट, लगडीचं वजन, टंच, फाईन. यातला एकही आकडा तोंडी नको.

---

टंचकाटा

दुसऱ्याचं मी लिहितो. रिफायनिंग करावंच लागतं असं नाही. लगडीत चोख मिसळून टंच वर आणता येतो. वरचंच उदाहरण: ३८.४१० ग्रॅम, टंच ९०.८०. तो ९१.६० करायचा तर ९९९ सोनं सुमारे ३.७०२ ग्रॅम घालावं लागेल. एकूण ४२.११२ ग्रॅम होईल आणि टंच नेमका ९१.६०. पण हॉलमार्कमध्ये शुद्धतेला उणी सूट नाही, शिवाय घडवताना पुन्हा डाख लागणार. म्हणून काठावर राहू नका, ४ ग्रॅम घाला. टंच ९१.६६च्या जवळ जाईल.

हे फक्त लगड चांगली असेल तर. लाटायला घेतल्यावर कडा फाटत असतील तर बहुधा शिसं शिरलेलं आहे. खोट्या दागिन्याचा किंवा भांड्यांचा शिसं-कथलाचा डाख दुरुस्तीत लावलेला असला की असं होतं. हजारात एखादा भाग शिसंही सोन्याला ठिसूळ करायला पुरतं. अशा लगडीत चोख घातल्याने टंच वाढेल, ठिसूळपणा जाणार नाही. तिथे मात्र आधी रिफायनिंगच करा, आणि तेजाबाचं काम धुराडं असलेल्या कारखान्यातच होऊ द्या. त्यातून निघणारा तांबूस धूर हुंगला गेला तर त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर माणसाला आपल्याला काही झालंय हेही कळत नाही.